मुठीतलं उत्तर

“तुम्ही फक्त मागच्या बाकावर बसायचं, पीटीबाई. बोलायचं काही नाही,” मोठे सर म्हणाले.

“बोलायचं नाही, हे तुम्ही मला सांगताय?” मी म्हटलं. “त्यापेक्षा मैदानाला सांगा की, धूळ उडवू नकोस म्हणून.”

सर हसले नाहीत. पेनाला टोपण लावलं, परत काढलं. सहावीच्या वर्गातल्या काही मुलांचे पालक येऊन गेले होते. गणिताच्या बाई आजारपणातून परत आल्यात खऱ्या, पण त्यांना बोलता येत नाही, वाक्य अर्ध्यावर सोडून नुसत्या उभ्या राहतात, आमच्या पोरांचं वर्ष वाया जाणार, असं त्यांचं म्हणणं. गोष्ट संस्थेच्या चिटणिसांपर्यंत गेली होती आणि येत्या सोमवारी ते स्वतः तास बघायला येणार होते. बाईंना वर्गावर ठेवायचं की घरी बसवायचं, हे त्यानंतर ठरणार. तोवर शाळेतल्याच कुणीतरी वर्गात बसावं आणि जे दिसेल ते खरं खरं सांगावं, म्हणून सरांनी मला बोलावलं होतं.

“मीच का पण?”

“कारण तुमच्या पोटात काही राहत नाही.”

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

बाई म्हणजे शाळेतल्या थांबाबाई. त्यांना सगळे थांबाबाईच म्हणतात, अगदी शिपाईमामासुद्धा, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक आहे. त्यांची शिकवायची तऱ्हाच तशी. प्रश्न विचारायचा आणि लगेच म्हणायचं, “थांबा. मुठी.” की सगळ्या वर्गानं एक मूठ मिटून बाकावर ठेवायची. डोक्यात जे उत्तर पहिल्यांदा आलं, ते त्या मुठीत धरायचं. ओरडायचं नाही, शेजाऱ्याला सांगायचं नाही आणि टाकूनही द्यायचं नाही. मग विचार करायचा. बऱ्याच वेळानं बाई कुणाकडे तरी बघून म्हणायच्या, “उघड.” त्या पोरानं मूठ उघडायची आणि दोन्ही सांगायचं: मुठीत काय होतं, आणि आता काय आहे. मुठीतलं चुकलं म्हणून बाई कधी रागावल्या नाहीत. उलट, “हे कुठून आलं रे तुझ्याकडे?” अशी त्याची विचारपूस करायच्या, घरी आलेल्या पाहुण्याची करावी तशी. कधी कधी मुठीतलंच बरोबर निघायचं आणि पोरगं विचार करकरून ते बिघडवून बसायचं. तेव्हा तर बाई फारच खूश व्हायच्या.

मला ही तऱ्हा कधी पटली नाही. मी पडले मैदानावरची. आमच्याकडे चेंडू आला की झेलायचा. विचार करत बसलात तर तो नाकावर बसतो. “झाकली मूठ सव्वा लाखाची!” असं म्हणत मी त्यांना स्टाफरूममध्ये चिडवायची. “तुमची पोरं माझ्या तासाला येतात नि शिट्टी वाजल्यावर ठरवत बसतात, पळू का नको!”

“आणि तुमची पोरं माझ्या तासाला येतात,” बाई म्हणायच्या, “नि प्रश्न संपायच्या आत पळत सुटतात.”

असं आमचं चालायचं. एकमेकींच्या डब्यातलं खात आणि एकमेकींना टोचत आम्ही दोघी म्हाताऱ्या व्हायला आलो.

मग या वर्षी सहामाहीनंतरच्या सुट्टीत एका सकाळी वेणी घालता घालता बाईंच्या हातातून कंगवा पडला. मेंदूत रक्ताची छोटीशी गाठ अडकली होती म्हणे. हातपाय महिन्याभरात सुधारले. शब्द मात्र रुसले ते रुसलेच. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, बुद्धी शाबूत आहे, फक्त शब्द सापडायला वेळ लागतो, आणि घाई केली की आणखीच लागतो. गंमत अशी की पाठ झालेलं सगळं धडाधड यायचं. सतराचा पाढा एका दमात म्हणायच्या. “अगं बाई!” अगदी खणखणीत. “शहाणाच आहेस” तर इतकं स्पष्ट, की ज्याला म्हटलं तो पोरगा लाजायचा. पण समोर पडलेल्या खडूला खडू म्हणायचं, तर त्या शब्दाची वाट बघत उभं राहावं लागे. विचार न करता तोंडातून येणारं तेवढं जागच्या जागी होतं आणि विचार करून म्हणायचं ते हरवलं होतं. थांबाबाईंच्या वाट्याला हे यावं, याचा मला फार राग आला. कुणावर काढायचा ते मात्र कळत नव्हतं.

तर मी मागच्या बाकावर जाऊन बसले. बाक सहावीच्या मापाचा, मी माझ्या मापाची. गुडघे कुठे ठेवायचे हाच प्रश्न होता. बाईंनी मला बघितलं, मी कशाला आलेय ते त्यांना कळलं, आणि त्या फळ्याकडे वळल्या. एक आकृती काढली. सुरेख, सरळ रेघांची. मग वर्गाकडे तोंड करून म्हणाल्या, “आता मला… तो…”

हात फळ्याखालच्या फळीवर चाचपडत होता. तिथे खडूचा एक तुकडा तेवढा होता आणि बाईंना दुसऱ्या रंगाचा हवा होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

“तो…” बाई म्हणाल्या. थांबल्या. खिडकीबाहेर बघितलं.

मला राहवेना. जीव नुसता कासावीस झाला. वर्ग कसा दगडासारखा बसलाय बघा, मला वाटलं, एकाही पोराला मदत करायचं सुचत नाही!

“खडू!” मी म्हणाले. माझा आवाज मैदानाचा. खिडकीची तावदानं वाजली.

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. दुसऱ्या रांगेतून एक मुलगी अर्धवट उठली. तिला सगळे भिंगरी म्हणतात. माझ्याकडे धावण्यात पहिली, आणि तोंडही तसंच धावतं. ती वर्गात असली की बाकीच्यांना उत्तर द्यायची पाळीच येत नाही, अशी सगळ्या बाईंची तक्रार.

“पीटीबाई, मूठ!” ती दबक्या आवाजात म्हणाली. लहान मुलाला मोठ्यांसमोर चूक दाखवावी तशी.

तेव्हा मी पाहिलं. एकूण एक पोराची मूठ बाकावर होती. बाईंनी प्रश्न विचारलाच नव्हता, “थांबा” म्हटलं नव्हतं, तरी होती. आणि बाई माझ्याकडे बघत होत्या. मी दिलेला शब्द त्यांच्या काही कामी आला नव्हता. त्यांनी मान हलवली, “खडू… खडू,” असं दोनदा म्हटलं, पण पुढचं वाक्य जे धरून ठेवलं होतं ते सुटून गेलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या. उरलेला तास पोरांनी गणितं सोडवली आणि मी माझ्या गुडघ्यांकडे बघत बसले.

तास संपल्यावर मी भिंगरीला दारात गाठलं.

“काय गं, मुठी धरायला कुणी सांगितलं तुम्हाला? मोठ्या सरांनी?”

“कुणीच नाही.”

“मग?”

“बाईंना शब्द माहीत असतो, पीटीबाई. त्यांच्या मुठीत असतो तो. आपण सांगितला ना, की त्यांचा राहूनच जातो.” एवढं बोलून तिनं माझ्याकडे असं बघितलं, की इतकी साधी गोष्ट तुम्हाला कशी कळत नाही.

“आणि तुला नाही येत होय गं तोंडात? तुझं तोंड मला माहितेय.”

“येतो की! सगळ्यांच्या आधी मलाच येतो,” ती म्हणाली आणि हात झटकला. “धरून धरून हात दुखतो माझा.”

त्या संध्याकाळी मी बाईंबरोबर त्यांच्या घरी गेले. माफी मागायला म्हणा हवं तर, पण माफी मागणं मला जमत नाही, म्हणून जाता जाता फळं घेतली. दोन खोल्यांचं घर. बाई आणि त्यांच्या थोरल्या ताई, दोघीच. ताई शिवणकाम करतात. मशीन खिडकीशी, गळ्यात कायम मापाची टेप, आणि जमिनीवर इतक्या चिंध्या की पाय कुठे ठेवावा कळत नाही. ताई प्रेमळ आहेत. इतक्या, की समोरच्याला गुदमरायला होतं.

बाई कॉटवर टेकल्या आणि म्हणाल्या, “ताई, मला…”

“पाणी!” ताई उठल्याच. “आणते हं. दमून आलीये बिचारी.”

बाई पाणी प्यायल्या. भांडं खाली ठेवलं. “नाही… ताई, मला…”

“पंखा लावू? का डोकं दुखतंय? गोळी देऊ?”

“उशी हवी असेल,” मी म्हटलं. मीही काही कमी नाही.

“उशी? का चष्मा गं? चष्मा पर्समध्ये आहे का?”

“खिडकी उघडू का?” मी म्हटलं.

आम्ही दोघी लिलावात बोली लावल्यासारख्या शब्द टाकत होतो आणि बाई एकदा ताईंकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी मान डोलावली. मी लगबगीनं उठले. खिडकी उघडीच होती.

“रोज असंच,” ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. “काहीतरी मागायचं असतं तिला. पाण्यावरच येऊन थांबतं. दिवसभर पाणी पीत असते बघा. तिला बोलायला कष्ट नकोत म्हणून मी आपली आधीच सगळं हातात देते.”

निघाले तेव्हा बाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. जिन्यात थांबल्या. मला वाटलं, दम लागला.

“घरी…” त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. भिंगरीचं तोंड आठवलं. साडीच्या पदराआड मी मूठ आवळली. खरं सांगते, शंभर बैठका परवडल्या.

“घरी… सगळे… मला…” बाईंनी ओठांना बोट लावलं. खालच्या मजल्यावर कुणीतरी कपडे धूत होतं, त्याचा आवाज येत राहिला. “…भरवतात.”

“काय भरवतात?”

“शब्द.” हा मात्र लगेच आला. मग पुन्हा बराच वेळ. “वर्गात… नाही. वर्गात… मी… जेवते.”

मी मान हलवली. त्या बोलतच होत्या हो, फक्त सावकाश. आणि सगळ्या जगात ते ऐकून घेणारी जागा एकच होती, सहावीचा वर्ग. तो गेला तर त्या दोन खोल्यांत बसून मरेपर्यंत पाणी पीत राहणार होत्या. रस्ताभर मला रडू येत होतं आणि मी रिक्षावाल्यावर विनाकारण खेकसले.

सोमवारी बाई सकाळीच माझ्या सामानाच्या खोलीत आल्या आणि कोपऱ्यातल्या दोरीकडे बोट दाखवलं. उड्यांच्या दोऱ्या करायला नवीन सुती दोरी आणली होती मी, लांबच लांब. मी काही न विचारता दिली. वर कात्रीही दिली. काय करणार विचारायची फार इच्छा होती, पण धरली मुठीत.

चिटणीस आले. मी मनात त्यांच्याशी भांडायची पूर्ण तयारी केली होती, पण माणूस निघाला सज्जन. आवाज मऊ, शर्टाला नीट इस्त्री, दारात चपला काढू का म्हणून विचारतात. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. ते आणि मोठे सर माझ्या बाकाशेजारी खुर्च्या टाकून बसले.

बाईंनी टेबलावरची दोरी उचलून वर धरली.

“पीटीबाईंना…” त्या म्हणाल्या, “ही…”

आणि तिथेच अडल्या. दोरी हातात होती. सगळ्यांना दिसत होती. बाईंनी ती एकदा या हातातून त्या हातात घेतली. “ही…”

चिटणिसांनी सरांकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे. मी समोर बघितलं. बाकांवर मुठी येत होत्या, एकामागून एक, आवाज न करता. माझीही होती. भिंगरीची मूठ मला मागून दिसत होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती आणि कान लालबुंद झाले होते. बाहेर शिपाईमामा व्हरांडा झाडत होते. खराटा जवळ आला, दारावरून गेला, लांब गेला. बाई अजून उभ्याच होत्या. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला आणि मला वाटलं, संपलं. आता बसतील खुर्चीवर, आणि संपलं सगळं.

चिटणिसांना बघवेना. निव्वळ चांगुलपणानं ते पुढे वाकले, तोंड उघडलं, “दो—”

भिंगरी गर्रकन मागे वळली. बोलली काही नाही. नुसती आपली मिटलेली मूठ वर करून त्यांना दाखवली.

चिटणीस थबकले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग इकडे तिकडे पाहिलं, आणि त्यांना ते दिसलं. बाकाबाकावर तेच. माझ्या पुढ्यात, माझ्यासारख्या घोड्या बाईच्या पुढ्यातही तेच. सज्जन माणूस गोंधळून गेला. त्यांनी हळूच आपला हात मांडीवर घेतला आणि बोटं मिटली.

“दोरी,” बाई म्हणाल्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हुश्श केलं नाही. वर्ग पुढे सरकला, मध्ये काही घडलंच नाही असा.

“पीटीबाईंना… दोरीचे… तुकडे हवेत. सहा. एक काप… एक मिनिट. किती… मिनिटं?” आणि मग एका दमात, पहिल्यासारखं, “थांबा. मुठी.”

माझ्या मुठीत ‘सहा’ होतं. त्यावर मी माझी शिट्टी पैजेला लावली असती. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली आणि भिंतीकडेच्या एका मुलावर थांबवली. हा गोगलगाय. माझ्याकडे सगळ्यात शेवटी पोचणारा. मी त्याला कधीच कशात घेतलं नव्हतं.

“उघड.”

“मुठीत सहा होतं,” तो उठून म्हणाला. “आता पाच.”

“का?”

त्यानं पुरेसा वेळ घेतला. “शेवटचा तुकडा कापावा लागत नाही. तो आपोआप पडतो.”

मी मनातल्या मनात दोरी कापून पाहिली. खरंच की! इतकी वर्षं दोऱ्या कापतेय, आणि हे कधी लक्षात येऊ नये! शेजारी मोठे सर बोटांवर मोजत होते, त्यामुळे मला जरा बरं वाटलं.

आता संपलं असं मला वाटलं, पण बाईंनी कुणालाच बसायला सांगितलं नाही. दोरी हातात घेऊन त्या नुसत्या उभ्या राहिल्या. या वेळी शब्द शोधत नव्हत्या, ते मला लगेच ओळखू आलं. वाट बघत होत्या. मुठी बाकावर तशाच. आणि त्या शांततेत भिंगरी ताडकन उठली. मूठ उघडली नाही, सुटलीच तिची.

“बाई! दुमडायची! दोरी दुमडायची! मग एकच काप! एकाच मिनिटात सगळं!”

मला वाटलं, आता बाई म्हणणार, थांब. त्यांनी दोरी तिच्यापुढे धरली. भिंगरी धावत टेबलापाशी गेली, दोरी उलटसुलट दुमडली, एक घडी, दुसरी, तिसरी, चौथी, पुटपुटत मोजलं, एक घडी सोडली, पुन्हा घातली. पाच पदर शेजारी शेजारी आले. तिनं मधोमध कात्री धरली.

“अगं, माझी नवी दोरी!” माझ्या तोंडून गेलंच.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “थांबा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत अशी काही मिस्कील चमक होती, की आजारपणाच्या आधीच्या सगळ्या मधल्या सुट्ट्या मला एकदम आठवल्या. कात्री करकरली. तुकडे टेबलावर पडले. सगळ्या वर्गानं मोठ्यानं मोजले. सहा.

“पण सारखे नाहीत,” गोगलगाय जागेवरून सावकाश म्हणाला. “कडेचे दोन आखूड आहेत.”

“ते आखूड पहिलीच्या पोरांना!” भिंगरी म्हणाली.

बाई हसत होत्या. त्यांनी एक आखूड तुकडा उचलून वर धरला. “हे…” त्या म्हणाल्या. मुठी परत बाकांवर. “हे… मुठीतलं नाही. हे… थांबल्यावर… सुचलं.”

चिटणिसांची मूठ अजून मांडीवर मिटलेली होती. घंटा झाली तेव्हा त्यांना ती दिसली.

सरांच्या खोलीत चिटणीस खुर्चीवर टेकले. मग म्हणाले, “असा तास मी पाहिला नव्हता. खरंच पाहिला नव्हता.”

“मग झालं तर!” मी म्हटलं.

“या मुलांचं झालं, पीटीबाई. पुढच्या वर्षीचं काय? नवीन पोरं येणार.”

“तीही शिकतील!”

“कुणाकडून?” त्यांनी अगदी हळू विचारलं. “यांना बाईंनी थांबायला शिकवलं, तेव्हा बाईंना भराभर बोलता येत होतं. नवीन पोरं पहिल्याच दिवशी हसतील. एकदा वर्ग हसला, की तुम्हालाच माहितेय.”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. माझ्या जिभेवर नेहमीच असतं. मी मूठ मिटली आणि विचार केला. हातातल्या मुठीकडे बघत, अगदी प्रामाणिकपणे केला. मी त्यांना थांबायला शिकवीन, असं म्हणावंसं वाटलं, पण मी कसली शिकवतेय, गेल्याच आठवड्यात मीच बाकावरून ओरडले होते. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मी बोलण्याआधी विचार केला, आणि समोरच्याचं पटलं. तेव्हापासून विचार करण्यावर माझा राग आहेच.

“या वर्गाचं वर्ष वाया जात नाहीये,” एवढं मी म्हणाले. “हे त्या पालकांना कळवा.”

“कळवतो,” चिटणीस म्हणाले. “ही मुलं वार्षिक परीक्षेपर्यंत बाईंचीच. त्यानंतर बाईंनी विश्रांती घ्यावी.”

मोठ्या सरांनी बाईंना बोलावून सांगितलं. सांगताना त्यांचं पेन तीनदा उघडलं नि मिटलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. लगेच आला तो शब्द. विचार न करता येणाऱ्यांतला होता ना.

मी त्यांच्याबरोबर घरी गेले. फळं घ्यायचं सुचलं नाही. वाटेत मी एक अक्षर बोलले नाही, म्हणजे बघा. ताईंनी मशीन थांबवून दार उघडलं आणि आमचे चेहरे बघूनच विचारलं, “काय झालं? ठेवलं ना वर्गावर?”

“परीक्षेपर्यंत,” मी सांगितलं. “मग नाही.”

ताईंचा हात गळ्यातल्या टेपवर गेला. मग लगेच सावरल्या. “बरंच झालं बाई! किती ओढायचं माणसानं? आता आराम कर. मी आहे ना? तुलाही तेच हवं होतं, हो की नाही गं?”

बाई कॉटवर बसल्या. पर्स मांडीवर तशीच.

“ताई, मला…”

“पाणी—” ताई वळल्यासुद्धा.

मी त्यांचा हात धरला. हात कसला, शिवून शिवून राठ झालेला, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा. मी त्यांची बोटं एकेक करून मिटवली आणि ती मूठ माझ्या हातात धरून ठेवली.

“अहो, हे काय करताय? पाणी हवंय तिला!”

“नकोय, ताई. थांबा.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मला नाही माहीत. तुम्हालाही नाही. पाणी मुठीत धरा आणि थांबा.”

ताईंना वाटलं असणार, हिला वेड लागलं. पण माझी पकड मैदानावरची, सुटणार कुठे. त्या थांबल्या. ओठ मात्र हलत होते, एकामागून एक, गोळी, चहा, पंखा. आणि माझ्या दुसऱ्या हातात माझी मूठ होती. तिच्यात होतं ‘वर्ग’. ताई, मला वर्ग हवा, असंच म्हणणार होत्या बाई. याच्यावर मी शिट्टीच काय, पायातले बूटही लावले असते.

बाई आमच्या दोघींच्या हातांकडे बघत होत्या. त्यांना कळलं आम्ही काय करतोय ते. त्यांनी पर्स बाजूला ठेवली. जमिनीवरच्या चिंध्या वाऱ्यानं थोड्या हलल्या. ताईंचा हात माझ्या हातात आधी ओढ घेत होता, मग हळूहळू निवला. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणालातरी जेवायला हाका मारत होतं. त्या हाका थांबल्या. पोरगं घरी गेलं असावं.

“ताई,” बाई म्हणाल्या. “मला… भीती वाटते.”

आम्हा दोघींचंही मुठीतलं चुकलं होतं.

ताईंनी तोंड उघडलं. कसली भीती, मी आहे ना, काही होत नाही, हे सगळं त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. मी हात सोडला होता, तरी त्यांनी मूठ उघडली नाही. त्या चिंध्यांतून वाट काढत गेल्या, बाईंना टेकून बसल्या आणि ती मूठ त्यांच्या मांडीवर ठेवली.

“मला पण गं,” एवढं म्हणायला त्यांना खूप वेळ लागला. बाई थांबल्या.